सुई आपल्याच माणसाची

कर्कॉडीच्या दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक म्हातारा गालाला रुमाल लावून बसला होता. शेजारी त्याची बायको.

"एफी, चल घरी. ठणका थांबला बघ."

"दवाखान्याचं दार दिसलं की थांबतोच तो. बस खाली, हेक्टर."

"सुई टोचणार गं ते."

"मग? ती सुई कुणी शोधून काढली? दर शनिवारी पबमध्ये छाती ठोकून सांगतोस ना?"

"एडिंबरोच्या डॉक्टर वूडनं."

"आणि भुलीचं क्लोरोफॉर्म?"

"तेही एडिंबरोचंच. डॉक्टर सिम्पसननं आधी स्वतः हुंगून बघितलं. जेवणाच्या टेबलाखाली आडवा झाला गडी!"

"टेलिफोन आम्हा स्कॉटिश लोकांचा, टीव्ही आमचा, पेनिसिलीन आमचं, असं ऐकवून ऐकवून त्या इंग्लिश जावयाला नाताळात पुडिंगसुद्धा सुखानं गिळू दिलं नाहीस. आता त्याला काय सांगू? सासरे सुई बघून पळाले?"

"त्याला कशाला सांगतेस?"

"तो गाडी घेऊन बाहेरच थांबलाय."

"हे बघ, एका देशानं सगळंच करायचं नसतं. शोध आपण लावायचे. टोचून घ्यायचं काम इंग्लिश लोकांचं."

तेवढ्यात आतलं दार उघडून नर्सनं माझं नाव पुकारलं, "मिस्टर गिलक्रिस्ट!"

मी चटकन म्हणालो, "आधी यांना घ्या. बिचाऱ्यांना फार त्रास होतोय. मी थांबतो की."

एफीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"घे हेक्टर, हाही आपलाच माणूस."