वायरमन, आकडेश्वर आणि ज्योत्स्नाबाई

आजच्या सेवापूर्ती समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षण मंडळाचे आधारस्तंभ, आणि दुसऱ्या कुणाला खुर्चीचा त्रास नको म्हणून गेली बावीस वर्षं ती एकट्यानं सांभाळणारे माननीय सोमाजी अण्णा डुंबरे; जुन्नरहून वेळात वेळ काढून आलेले आणि आल्यापासून घड्याळाकडे मायेनं पाहणारे शिक्षणाधिकारी साहेब; व्यासपीठावरचे मान्यवर, आणि व्यासपीठावर जागा न मिळाल्यामुळे पहिल्या रांगेत रुसून बसलेले मान्यवर; मुख्याध्यापक, शिक्षकवृंद, माताभगिनींनो, समस्त ओतूरकर मंडळी; आणि ज्यांच्या सत्कारात दोन तास झाले तरी ज्यांना पाणी हवं का हे कुणी विचारलेलं नाही, त्या सत्कारमूर्ती ज्योत्स्नाबाई रोकडे.

मी पारस घेवरचंद गुगळे. पेठेतलं कापडाचं दुकान माझं. मंडळाचा सभासद आहे, म्हणजे सभेला येतो आणि चहा पितो. मला पाच मिनिटं दिली आहेत. आधीच्या सहा वक्त्यांनाही पाचच दिली होती, त्यामुळे मी निश्चिंत आहे.

त्या सहाजणांनी बाईंना समई म्हटलं, चंदन म्हटलं, एकानं वटवृक्ष म्हटलं. बाई बावीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवतात. वटवृक्ष ऐकून त्यांनी नक्की मनात पारंब्या मोजल्या असतील. मी त्यांना काही म्हणणार नाही. त्यांनी नऊ वर्षं स्नेहसंमेलनासाठी जे नाटक लिहिलं, त्याबद्दल बोलेन. वायरमनचं नाटक.

नव्या मंडळींसाठी सांगतो. अठ्ठ्याण्णव साल. टीव्हीवरचे उडते पुरुष बघून आपल्या शाळेतली पोरं गळ्यात टॉवेल बांधून वर्गाच्या खिडकीतून उड्या मारायला लागली. एका आठवड्यात तीन हात मोडले. मंडळाची तातडीची सभा झाली आणि टॉवेलवर बंदी घालावी असं ठरलं. बाई म्हणाल्या, "टॉवेल राहू द्या. मी त्यांना न उडणारा सुपरहिरो देते."

अण्णांनी विचारलं, "न उडणारा? मंग त्यो चढनार कसा?"

"शिडीनं."

असा आमचा वायरमन जन्मला. जगातले बाकीचे मॅन परदेशात राहतात. हा एकटाच असा, ज्याला आपल्या गावात लहान पोरगंसुद्धा नावानं हाक मारतं. लाल केप, खाकी अर्धी चड्डी, कमरेला पक्कड. कुठं अन्याय झाला की तो आधी तीन प्रतींत अर्ज करायचा. शिक्का मिळेपर्यंत खलनायक घरी जाऊन जेवून यायचा. आणि खलनायक कोण? आकडेश्वर! डोक्यावर तारेचा मुकुट, हातात वेळूची काठी, काठीला आकडा. त्याची गर्जना तुम्हाला आजही पाठ असेल: "जिथे तार, तिथे माझा अधिकार!"

केवढं हसलो आपण! विजेच्या तारेवर आकडे टाकून पंप चालवणारे पहिल्या पाच रांगांत पोट धरून हसत होते. मी कुणाचं नाव घेत नाही. अण्णा, तुमच्या मळ्याचंही घेत नाही. दुसऱ्या दिवशी आकडे कमी झाले का? छे. पण काठी उचलली की पोरं बापाला आकडेश्वर म्हणायला लागली, आणि दोन-चार बाप मीटर घेऊन मोकळे झाले.

आता खऱ्या वायरमनकडे येतो. धर्माजीभाऊ. समोर तिसऱ्या रांगेत बसलेत, बारीक मिशीचे. हात करा भाऊ, साहेबांना दिसू द्या. पहिल्या वर्षी नाटक बघून हा माणूस पडद्यामागं आला. सगळे कौतुक करत होते, हा म्हणाला, "बाई, तुमचा वायरमन हातमोजं घालीत न्हाई. मरंल त्यो."

बाई म्हणाल्या, "धर्माजीभाऊ, तो सुपरहिरो आहे. तो मरत नाही."

"मंग त्यात त्याची कसली मर्दुमकी?" धर्माजीभाऊ म्हणाले. "न मरनारा मानूस खांबावर चडला काय आन खाटंवर चडला काय, सारखंच."

पुढच्या वर्षापासून वायरमन हातमोजे घालायला लागला. ते धर्माजीभाऊंचे जुने हातमोजे होते. तालमीलाही ते येऊन बसायचे, आणि रत्नदीप नावाचा जो मुलगा वायरमन व्हायचा त्याला खांबाला पट्टा कसा बांधायचा ते दाखवायचे.

चार वर्षं अशी मजेत गेली. मग दोन हजार दोनची धनत्रयोदशी आली.

संध्याकाळी सहाची वेळ. पेठेत पाय ठेवायला जागा नाही. माझ्या दुकानात निम्मा तालुका साड्या उलगडून बसलेला, आणि लाईट गेली. चौकातल्या खांबावर तार तुटली होती. धर्माजीभाऊंनी रोहित्रावरचे फ्यूज काढले, शिडी लावली आणि वर चढले. ओली हवा होती. हातमोजे त्या दिवशीही घातले होते, पण उजव्या हातमोज्याला चीर गेलेली. नवे मागितले होते, यायचे होते. त्याच वेळी पेठेतल्या एका दुकानदारानं आपला जनरेटर चालू केला. जनरेटर लावताना बाहेरची लाईन तोडणारा एक स्विच बसवावा लागतो. तो त्यानं बसवलेला नव्हता. मेन स्विच पाडायचा, तोही गडबडीत राहिला. झालं काय, तर दुकानात उजेड पडला, गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तोच करंट उलटा बाहेरच्या तारेत गेला.

धर्माजीभाऊ खांबावरून पडले. जीव वाचला. उजवा हात पुण्याच्या दवाखान्यात कोपरापासून काढावा लागला.

साहेब, घड्याळ बघताय. बरोबर आहे, मी सत्काराच्या भाषणात हे काय घेऊन बसलो? थोडं थांबा. आता विनोदी भाग येतो. मंडळाची सभा.

डिसेंबरात संमेलनाची सभा भरली. प्रश्न एकच: यंदा वायरमनचं नाटक करायचं की नाही? एकजण म्हणाला, बंद करा, थट्टा केल्यासारखं होईल. दुसरा म्हणाला, करा, पण संपूर्ण दुःखी करा, म्हणजे आमदार आले तर बरं दिसेल. अण्णा म्हणाले, "लोकं घरी रडत्यातच की. हितं येऊन बी रडायचं का? विनोदी ठेवा." मग मंडळाच्या एका अभ्यासू सभासदानं तोडगा काढला, आणि आपल्या मंडळाच्या इतिवृत्तात तो ठराव आजही आहे. वाचून दाखवतो: "यंदाच्या नाटकात दुःखाचे प्रमाण दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. एखादे पात्र मरण पावल्यास आभारप्रदर्शनापूर्वी त्यास जिवंत करण्यात यावे. एकमताने मंजूर."

हसा. मीही हसतो. सूचक म्हणून खाली सही माझी आहे.

बाईंनी एवढंच विचारलं, "दहा टक्के कसे मोजायचे?"

अण्णा म्हणाले, "मिन्टांवर. पन्नास मिन्टाचं नाटक, पाच मिन्टं दुःख. लई झालं."

बाईंनी वहीत लिहून घेतलं.

दोन दिवसांनी त्या माझ्या दुकानात आल्या. केपसाठी दरवर्षी लाल कापड माझ्याकडूनच जायचं. मी ठाण उलगडलं. बाई म्हणाल्या, "पारसभाऊ, यंदाच्या नाटकात एक दुकानदार आहे. वाईट माणूस नाही. चालेल ना?"

माझ्या हातातला गज तिथंच थांबला. मी म्हणालो, "मला कशाला विचारता बाई?"

"कापड तुमचं आहे म्हणून विचारलं," त्या म्हणाल्या. आणि मी मोजून दिलेल्या कापडाकडे बघून म्हणाल्या, "थोडं जास्त द्या. यंदा केप झोळीएवढी लागेल."

मी त्या रात्री जेवलो नाही. घरात बायकोनं, हर्षानं, विचारलं, तिला म्हटलं, पित्त झालंय.

संमेलनाच्या संध्याकाळी धर्माजीभाऊ पहिल्या रांगेत बसले होते, उजवी बाही पिनेनं दुमडलेली. मी त्यांच्या मागच्या रांगेत बसलो, म्हणजे त्यांचं तोंड दिसायला नको. नाटक सुरू झालं आणि काय सांगू, बाईंनी इतकं विनोदी कधीच लिहिलं नव्हतं! आकडेश्वर ग्रामसभेत निवडून येतो, स्वतःच वीजचोरी प्रतिबंधक समितीचा अध्यक्ष होतो आणि पहिल्याच भाषणात माईकला आकडा टाकतो. लोक खुर्च्यांवरून पडत होते. मग दुकानदार आला. सहावीतला मुलगा होता. त्यानं साडी हवेत अशी झटकली, "ताई, हात लावून तर बघा," असं नाकात बोलला, आणि सगळं पटांगण माझ्याकडं वळून हसायला लागलं. पोरगं हुबेहूब मी होतं. मीही हसलो. सर्वांत मोठ्यानं मीच हसलो.

त्या पोरानं अंधारात चाचपडत जनरेटरची दोरी ओढली. रंगमंचावर लख्ख उजेड पडला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच उजेडात रत्नदीप खांबावरून खाली आला.

टाळ्या वाजत होत्या, त्या एकेक करून थांबल्या. मंडळी, हजार माणसं श्वास धरून बसलेली मी त्या आधी बघितली नव्हती. रत्नदीप पडून होता. दुकानदार झालेलं पोरगं साडी हातात घेऊन उभं होतं. त्याचं वाक्य होतं, "मी मुद्दाम नाही केलं." ते त्याच्या तोंडातून धड फुटेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला:

"आरं, बघत काय बसलाय राव? शिडी धरा त्याची, न्हाईतर ती बी पडंल त्याच्या अंगावर!"

धर्माजीभाऊ! सगळं पटांगण हसलं. हसता हसता बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझ्या शेजारी अण्णा होते. अण्णा, तुम्ही उपरणं तोंडात कोंबलं होतं, मी बघितलंय. नंतर रत्नदीप उठला. लाल केपची झोळी करून हात गळ्यात बांधला, एका हातानं शिडी उचलली आणि पोरांना तार तपासायची कशी ते शिकवायला बसला. पडदा पडला. हिशेबनिसांनी घड्याळ लावलं होतं. दुःख भरलं चार मिनिटं पन्नास सेकंद. ठरावाचं पूर्ण पालन.

मी पडद्यामागं गेलो. धर्माजीभाऊ तिथंच होते, पोरांना चिवडा वाटत. मी म्हणालो, "भाऊ, मला काही बोलायचंय."

ते म्हणाले, "शेठ, मला दिवाळीतच ठावं व्हतं. उलटा करंट कुठनं आला ते वायरमनला कळायचं न्हाई व्हय?"

"मग चौकशीत नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी हातातला चिवडा खाली ठेवला. म्हणाले, "पेठंत जनरेटर सात. स्विच एकाला बी न्हाई. तुमचं नाव घेतलं असतं तर बाकीचं सहा सुटलं असतं. आता तुमी तेवढं करा. साताच्या साताला स्विच बसवा."

पंधरा दिवसांत सात दुकानांत स्विच बसले. मी पेठेत हात जोडत फिरलो. नाटकातला दुकानदार लोकांना माझी नुसती नक्कल वाटली होती; ते म्हणाले, पारसशेठ समाजसेवक झाले. मंडळानं माझा शाल देऊन सत्कारही केला. मी तो घेतला. आकडेश्वरानंसुद्धा एवढी हिंमत केली नसती.

धर्माजीभाऊ आता तक्रारीच्या फोनवर बसतात. तुम्ही रागानं फोन करता, ते शांतपणे तुमच्या खांबाचा नंबर सांगतात. आणि ज्योत्स्नाबाईंनी या पाच वर्षांत मला त्या विषयावर एक शब्दही विचारला नाही. दरवर्षी लाल कापड घ्यायला मात्र आल्या. परवा निमंत्रण द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "पारसभाऊ, तुम्ही बोला. विनोदी बोला. पण सगळं बोला."

बाई, बोललो. तुम्ही आठवीच्या पोरांना करंट शिकवलात, मला तो कुठून आला ते शोधत माझ्याच दुकानापर्यंत चालत यायला शिकवलंत. तुमच्या निवृत्तीला आरोग्य लाभो, आणि आता तुम्ही आम्हाला न विचारता हवं तेवढं दुःख लिहा.

अध्यक्ष महाराज, पाच मिनिटांची वीस झाली. संयोजकांचे, ध्वनिक्षेपकवाल्यांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सगळ्यांचे मी आभार मानतो. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, मानापानात कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते सभेनं पोटात घालावं. धनत्रयोदशीला जे झालं ते मात्र पोटात घालू नका. एवढे दिवस ते एकट्या धर्माजीभाऊंनी घातलं होतं. आजपासून ते माझ्या नावानं चारचौघांत असू द्या.