झाडांना पाणी

दवाखान्याच्या बाकावर मुरगळलेला पाय धरून बसलेल्या शिवणकामवाल्या मावशींना शेजारच्या दोघी जावांचं बोलणं ऐकण्यावाचून दुसरं काम नव्हतं, आणि नकोही होतं.

"भावजींनी सिगारेट सोडली म्हणे?"

"कधीच, जाऊबाई! हल्ली फक्त झाडांना पाणी घालायला गच्चीत जातात. दिवसातून दोनदा."

"आणि तुझा विश्वास बसला?"

"न बसून कसं चालेल? मी विश्वास ठेवते, म्हणून त्यांना लपावं लागतं. लपायचा कंटाळा येतो, म्हणून अख्ख्या पाकिटावरून दोनवर आलेत."

"अगं, पण खोटं ते खोटंच ना!"

"ते त्यांचं. मी आपली भोळी."

तेवढ्यात खोकत खोकत भावजीच बाहेर आले.

"काय हो, काय म्हणाले डॉक्टर?"

"सिगारेट ओढता का, विचारलं. म्हटलं, सोडली."

धाकटी ताडकन उठली.

"डॉक्टरांशी खोटं बोललात? ते काय घरचे आहेत? आधी परत आत जा आणि खरं सांगा!"

पाळी मावशींची होती, पण त्यांनी मुकाट्याने पाय आवरून वाट दिली.

"म्हणजे... तुला माहीत आहे?"

"मला बाई काय माहीत असणार? मी इथेच बसते, कानात बोटं घालून."