गार्ड लावल्याबिगर न्हाई

उचलून बघा की, पावणं — जड हाय ना? असणारच, आताच्या खेळण्यांवानी प्लास्टिकचं न्हाई ते. लोखंड कापायच्या ह्याच ग्राइंडरनं माझ्या भरतनं आमच्या निम्म्या बोरी गावाच्या पडव्यांना जाळ्या बसवल्या — बिबट्या अंगणात यायला लागला तवापास्नं. भरत म्हंजी माझा लेक — हा काय, फोटोतला. तुमी निरगुडसरात जाळ्यांचं दुकान टाकताय असं कळलं, म्हणून बोलावलं. गावानं काय सांगितलं तुमाला? खंडेनवमीला चालवलं म्हणून मशीननं बळी घेतला — ह्येच ना? अवो, त्या दिशी हत्यारं पुजायची, चालवायची न्हाईत, हे मला ठावं न्हाई व्हय? मीच कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. पण पलीकडच्या घरातल्या बाळाबाईच्या ओटीवरनं बिबट्यानं कुत्रं उचललं — शेजारीच तिची नात खेळत व्हती. भरतनं हार काढला अन् मशीन घेऊन गेला. चुकला? अजिबात न्हाई! जनावर काय नवमी पाळतंय? गार्ड न्हवता, इतकंच. हे बघा — हे लोखंडी कवच. हे असलं की कापायची मोठी चकती मावत न्हाई, म्हणून समदेच काढून टाकत्यात. मोठी चकती फुटली — गळ्यात शिरली. गाडी येईस्तवर — जाऊ द्या.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवंना. कुणी म्हणलं जमीन सांभाळू म्हणा, कुणी म्हणलं बायकोला सांभाळू म्हणा. मी म्हणलं, बाळाबाईची जाळी पुरी करते — अन् शिवला की! भूक लागली आसंल मेल्याला, दुसरं काय? पण बोलले ते केलं. कुणी शिकवलं? कुणी न्हाई. जाळीचा पयला लोखंडी अँगल वाकडा कापला, दुसरा सरळ. मशीनला काय कळतंय, असं मीच गावाला सुनावते — अन् दर नवमीला हार घालताना त्याच्याशीच भांडते. कशाला भांडते, ते नका इचारू. आता हात थरथरतोय, म्हणून देतीय. गार्ड घासूनपुसून बसवलाय, तेवढा —

पाना कशाला काढला? पिशवीत काय हाय? चकती आणलीच व्हय — बघू. मोठीच हाय. काय म्हणता, थोडंच कापायचं असलं की? भरतबी ह्येच म्हणला व्हता — ‘आये, थोडंच ऱ्हायलंय.’

ठेवा खाली. खाली ठेवा म्हणते ना! चहा झालाय, प्या अन् निघा. अन् जाताना जाळीची कडी लावून घ्या — अंधार पडतोय.