तळ्यावरची हजेरी

...नाही, नाही, तुम्हीच सांगा, पाखरांना कुणी विचारतं का, की बाबांनो, कशाला आलात, किती दिवस राहणार, परत कधी जाणार? नाही ना? मग मलाच का! आमच्या खिडकीखाली तळं आहे, तिथे दर हिवाळ्यात बदकं उतरतात, आमची लेक राहते ना, त्याच थंड मुलखातून, एकसष्ट आहेत, नाही, बासष्ट... एक ऐन हजेरीला बुडी मारतं! आमच्या ऑफिसातही होते असे दोघे-तिघे.

तर लेकीला लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेले! ही म्हणाली, "अहो, दोघंही जाऊ बाळंतपणाला." केले व्हिसाचे अर्ज. हिचा मंजूर, माझा परत! तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं मी लोकांचे अर्ज परत पाठवले, पण परत आलेला अर्ज माणूस चार-चारदा वाचतो हे एकानेही मला सांगितलं नाही! चूक काय माझी? 'परत कधी जाणार?' असा रकाना होता. आता कारकून कधी लेखी वचन देतो का? मी लिहिलं, 'योग्य वेळी कळवण्यात येईल.'

हिने कपाळावर हात मारला. "अहो, तारीख लिहायची होती, तारीख!" निघताना रडली, डोळे पुसले आणि वर मलाच, "वेळेवर जेवा. बदकं बघत बसा, जीव रमेल." रमतो कसला! ती पंखांत मान खुपसून झोपतात, मी जागा. पाखरांना कुणी विचारतं का?

परवा लेक दवाखान्यात गेली. जावयाला दर तासाला फोन, तर, "बाबा, सगळं नॉर्मल आहे." तीस तास नॉर्मल? मी खिडकीत उभा, अठरा... एकोणीस... एकोणीस... पुढचा आकडाच आठवेना हो!

आणि आज सकाळी वाजला! व्हिडिओ! आधी हिचा अंगठा दिसला, मग छत, मग जावयाचा कान, आणि मग... लेक. दमलेली, हसणारी. "बाबा, मुलगी झाली." दुपट्यात एवढंसं, लालबुंद, कपाळावर आठ्या, थेट आमच्या साहेबांसारख्या! ही ते गाठोडं घेऊन पुढे आली, म्हणाली, "घ्या आजोबा, धरा तुमच्या नातीला."

मी धरलं की! दोन्ही हात पुढे केले... आणि दोन्ही हात पुढे केल्यावर फोन कोण धरणार?

पडला फरशीवर. पडदा काळाठिक्कर, आवाज तेवढा चालू. ही तिकडे जावयाला सांगत होती, "अहो, मानेखाली हात द्या, मानेखाली!"

मीही दिला, फोनखाली. काय करता... इतक्या लांबून तेवढंच जमतं.