बिरूचा नंबर

शहागडच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"ताई, तुम्ही आमच्या घरी सर्व्हेला आल्त्या न? मी आसराबाई."

"हो, आठवलं! आधी तुम्ही दोनच लेकरं सांगितली होती."

"मला वाटलं, जिती हायेत तेवढीच सांगायची. तुम्ही म्हन्ल्या, गेलेलं लेकरू पण सांगा. मंग बिरूचं नाव घेतलं मी. घरात कुणीच घेत न्हाई त्याचं नाव. लई बरं वाटलं, ताई."

"पण आसराबाई, कम्प्युटरमध्ये नाव जात नाही हो. नुसता नंबर जातो."

"मंग त्याचा नंबर कोणता?"

"जन्माच्या क्रमानं देतो आम्ही. बिरूचा एक."

"बराबर दिला, ताई. थोरलाच हाय त्यो माझा."