वीसपर्यंत मोजायचं

...नाही हो, रागावली वगैरे काही नाही ती. हात जरा वर धरा, हां, असेच. तुम्ही एवढं प्रेमाने ‘काकू, कशा आहात’ विचारलंत आणि ती नुसती बघत राहिली — मनावर घेऊ नका. बोलत नाही आता. गेल्या वर्षी मेंदूत रक्ताची गाठ झाली, उजवा हात गेला, शब्द गेले. हात आला परत. छाती अडतीस. पूर्वी मी इथून माप ओरडायचो आणि ती पडद्याआड वहीत लिहायची, वर मलाच ओरडायची — अहो, मागच्या वेळी सदतीस होती, गिऱ्हाईक सुटलंय! गिऱ्हाइकाच्या तोंडावर! श्वास सोडा, पोट आत घेऊ नका, कोट काही फसायचा नाही.

शब्दही येत होते, खोटं कशाला बोलू? बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या घरी. त्या म्हणाल्या, काका, मेंदू उगाच कष्ट घेत नाही, काही हाती लागणार असेल तरच घेतो. आयतं मिळालं की म्हणतो, मी कशाला मरू? तेव्हा काकू शब्द शोधत असल्या की तुम्ही द्यायचा नाही, मनात वीसपर्यंत मोजायचं. बस, एवढंच काम होतं मला. वीस! आणि मी सातच्या पुढे गेलो नाही कधी. तिच्या कपाळावरची शीर टरारून फुगायची, डोळ्यांत पाणी — बघवायचं नाही हो. पाणी हवंय? चष्मा? खिडकी लावू? दिला शब्द. ती मान हलवायची, आणि मी खूश, की बघा, हिच्या मनातलं मला किती कळतं! ...खरं सांगू का? बघवायचं नाही हे अर्धंच. दुकानात गिऱ्हाईक उभं असायचं आणि मला घाई असायची.

आणि आमची हीच तिकडे पडद्याआड बटणांचा डबा उपडा करून बसते बरं का — एका बटणाचा जोड सापडेपर्यंत दोन-दोन तास, घाम फुटतो पण उठत नाही. म्हणजे डोकं थकलंय असं नाही ना? बटण मी शोधून देत नाही, एवढाच फरक. बोलायचे कष्ट तेवढे सोडले तिने. मीच सोडायला लावले. आता बाही —

थांबा. हलू नका. आली बघा पडद्याबाहेर... ओठ हलतायत. चार महिन्यांत पहिल्यांदा! तुम्ही काही बोलू नका हं, मोजतोय मी. सहा... सात... सावकाश गं, घाई नाही कुणाला... नऊ... दहा... अगं, किती तो त्रास... बारा... कात्री? कात्री हवीय का? ही घे.

हलवली मान. बघितलंत ना? कात्रीच हवी होती तिला. कात्रीच —

तशीच टेबलावर ठेवून गेली हो.

हात खाली घ्या. बाही राहिली, ती उद्या बघू. नाही, आज नको. या तुम्ही आता.