ठसका न देणारी मिरची

तुम्ही हसाल, पण सांगते. सुट्टीत आम्ही अमेरिकेतल्या सनीव्हेलहून फ्रान्समधली बास्क लोकांची डोंगरातली जुनी गावं बघायला गेलो. तिथं घरोघरी भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा. जो तो आमच्या दहा महिन्यांच्या चिकूचे गाल ओढायचा. दुसऱ्याच दिवशी पोरगं दूध तोंडाला लावेना. मी उतरलो होतो तिथल्या घरमालकिणीकडून सात मिरच्या मागून घेतल्या, दृष्ट काढली आणि तव्यावर जाळल्या. नुसता गोडसर धूर. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर.

हे म्हणाले, “अगं, इथली मिरची तिखटच नसते. त्याला दात येतोय.”

“असेल,” म्हटलं, पण पुढे एकही डोंगर धड बघितला नाही.

घरी आल्या आल्या माहेरची मिरची जाळली. धुराचा अलार्म बोंबलला, शेजारपाजारचे खोकत बाहेर आले. हे संतापले. मला मात्र आठ दिवसांनी पहिल्यांदा भूक लागली.